एकच समीकरण, चार प्रयोगशाळा: क्वांटम ऑप्टोमेकॅनिक्समध्ये पीएचडी कुठे करावी?

क्वांटम ऑप्टोमेकॅनिक्समधले संशोधन गट शोधायला बसलात की थोड्याच वेळात सगळे एकसारखे वाटू लागतात. प्रत्येकाला अब्जावधी अणूंच्या वस्तूत क्वांटम वागणूक पाहायची असते. सादरीकरणाच्या पहिल्या चित्रात दोन आरसे असतात आणि त्यातला एक स्प्रिंगला जोडलेला असतो. प्रकाश त्या आरशावर आदळतो आणि त्याला किंचित ढकलतो. आरसा सरकला की दोन आरशांमधल्या पोकळीची अनुनाद वारंवारता बदलते, त्यामुळे आत साठलेला प्रकाश कमीजास्त होतो आणि ढकलण्याचा जोरही बदलतो. इथे लेझर, तिथे मायक्रोवेव्ह, पलीकडे हवेत तरंगणारा काचेचा कण असला, तरी कागदावरचं गणित जवळपास तेच राहतं.

म्हणूनच त्या गणिताकडे पाहून गट निवडता येत नाही. पीएचडीची पाच वर्षं जातात ती नको असलेली उष्णता आणि नॉइज हाकलण्यात, आणि प्रत्येक प्रकारच्या प्रयोगात ती वेगळ्या दाराने आत शिरते. कुठल्या दारावर पहारा द्यायला आपल्याला आवडेल, हे आधी ठरवलं तर निवड बरीच सोपी होते.

आधी थोडा हिशेब

स्प्रिंगवरच्या त्या आरशासारखी थरथरणारी वस्तू म्हणजे दोलक, आणि दोलकाच्या कंपनाचा सर्वात लहान हिस्सा म्हणजे एक फोनॉन. उष्णतेमुळे दोलकात सरासरी किती फोनॉन असतात, ते तापमान आणि वारंवारता यांच्या गुणोत्तरावर ठरतं. ३०० केल्विनची उष्णता वारंवारतेत मोजली तर सुमारे ६.२५ टेराहर्ट्झ भरते. म्हणजे १ मेगाहर्ट्झच्या दोलकात खोलीच्या तापमानाला साठ लाखांहून जास्त फोनॉन असतात. तोच हिशेब १० मिलिकेल्विनला केला तर उष्णता सुमारे २०० मेगाहर्ट्झ येते. त्या तापमानात १० मेगाहर्ट्झच्या दोलकात वीसेक फोनॉन उरतात, तर ५ गिगाहर्ट्झच्या दोलकात जवळजवळ एकही नाही.

दुसरा आकडा क्यू. दोलक किती वेळ घणघणत राहतो, याचं ते माप. खोलीच्या तापमानाला एका आंदोलनापुरती तरी क्वांटम अवस्था टिकवायची असेल, तर क्यू आणि वारंवारता यांचा गुणाकार वरच्या ६.२५ टेराहर्ट्झच्या पुढे जायला हवा. गटप्रमुखाशी पहिल्यांदा बोलताना हे दोन आकडे विचारले, तर पुढचं संभाषण लगेच कामाचं होतं.

| प्रयोग | वारंवारता | भोवतालचं तापमान | सुरुवातीचे फोनॉन | शेवटी उरलेले |
|---|---|---|---|---|
| सँटा बार्बरा, २०१०: क्युबिटला (क्वांटम संगणकाच्या मूलभूत घटकाला) जोडलेला पातळ दोलक | ६ गिगाहर्ट्झ | २५ मिलिकेल्विन | जवळपास शून्य | ०.०७ पेक्षा कमी |
| निस्ट (अमेरिकेची मोजमाप-मानकांची संस्था), बोल्डर, २०११: ॲल्युमिनियमचा ढोल | सुमारे १०.५ मेगाहर्ट्झ | सुमारे २० मिलिकेल्विन | सुमारे ४० | ०.३४ |
| कॅलटेक, २०११: सिलिकॉनची नॅनोपट्टी | ३.७ गिगाहर्ट्झ | २० केल्विन | सुमारे १०० | ०.८५ |
| व्हिएन्ना, २०२०: तरंगता काचकण | ३०५ किलोहर्ट्झ | खोलीचं | सुमारे २ कोटी | ०.४३ |

तक्त्याच्या शेवटच्या स्तंभावरून स्पर्धा लावण्यात अर्थ नाही. एक फोनॉनच्या खाली जाणं ही २०११ साली बातमी होती. आज तो प्रवेशाचा दाखला आहे. खरा फरक त्यानंतर काय करता येतं यात आहे.

लेझर आणि चिप

या वाटेचा मोठा फायदा प्रकाशाच्या वारंवारतेतच आहे. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश म्हणजे १९३ टेराहर्ट्झ. त्या वारंवारतेला खोलीच्या तापमानातही उष्णतेचे फोटॉन नसतात, त्यामुळे क्वांटम संदेश साध्या ऑप्टिकल फायबरमधून नेता येतो. २०१८ साली व्हिएन्ना आणि डेल्फ्टच्या गटांनी दोन वेगळ्या चिपवरच्या, २० सेंटिमीटर अंतरावरच्या नॅनोपट्ट्यांमध्ये एंटँगलमेंट, म्हणजे दोघांची मिळून एकच क्वांटम अवस्था, घडवून आणलं. ते शक्य झालं ते प्रकाशामुळेच.

तोटाही त्याच आकड्यातून निघतो. एक प्रकाश-फोटॉन सिलिकॉनमध्ये शोषला गेला, तर ५ गिगाहर्ट्झच्या जवळजवळ ४०,००० फोनॉनइतकी ऊर्जा तिथे सांडते. दोलक १० मिलिकेल्विनला असला तरी मोजायला प्रकाश टाकला की तो तापतो. म्हणून असे प्रयोग थोड्या थोड्या, अशक्त स्पंदांनी करावे लागतात. दोन स्पंदांमध्ये थांबायचं आणि शेवटी एकेक फोटॉन मोजायचा. आकडेवारी जमवायला रात्रीच्या रात्री जातात. कॅलटेकच्या गटाने २०२० साली दाखवलं की ५ गिगाहर्ट्झची अशी पट्टी मिलिकेल्विन तापमानात सुमारे दीड सेकंद घणघणत राहू शकते, म्हणजे क्यू जवळपास ५,००० कोटी. यांत्रिक भाग इतका उत्तम आणि तरी त्याच्यावर मनसोक्त प्रकाश टाकायची सोय नाही, अशी ही कुचंबणा आहे. ज्याला साहित्यविज्ञान आवडतं, पृष्ठभागावरच्या दोषांचा माग काढायला आवडतं, त्याला इथे आयुष्यभराचं काम आहे.

याच वाटेचा दुसरा फाटा सिलिकॉन नायट्राइडच्या ताणलेल्या पडद्यांचा. इथे वारंवारता मेगाहर्ट्झच्या घरात, आकार मिलिमीटरचा आणि जाडी काही दशक नॅनोमीटर. पडद्याच्या कडेला भोकांची नक्षी कोरली, तर कंपन चौकटीपर्यंत पोचतच नाही. कोपेनहेगनच्या नील्स बोर इन्स्टिट्यूटमध्ये २०१७ साली ही युक्ती दाखवली गेली आणि क्यू-वारंवारतेचा गुणाकार खोलीच्या तापमानालाही वरच्या उंबरठ्याच्या कितीतरी पुढे गेला. पुढच्याच वर्षी त्या गटाने सुमारे १० केल्विनला ठेवलेला पडदा, नुसतं मोजून आणि त्या मोजमापावरून उलटा धक्का देऊन, ०.२९ फोनॉनपर्यंत आणला. लोझानच्या गटाने २०२४ मध्ये खोलीच्या तापमानालाच क्वांटम परिणाम दाखवले. त्यासाठी त्यांना पोकळीच्या आरशांवरही तशीच नक्षी कोरावी लागली, कारण मधे येत होता तो आरशांचा स्वतःचा कंप.

नॅनोपट्टी आणि पडदा यांत मला पडदा नवख्या विद्यार्थ्यासाठी बरा वाटतो. नमुना डोळ्यांना दिसतो, पोकळी टेबलावर जुळवता येते आणि चूक कुठे झाली ते शोधता येतं. शिवाय मोजमापाचा सिद्धांत, फीडबॅक आणि लेझरचा नॉइज यांचं जे शिक्षण इथे मिळतं, ते नंतर कुठेही लागू पडतं. गुरुत्वीय लहरींच्या शोधयंत्रांमध्येही हेच भौतिकशास्त्र चालतं. लायगो या अशाच शोधयंत्रातल्या ४० किलोच्या चार आरशांची सापेक्ष हालचाल म्हणजे १० किलोचा एक दोलक, असं धरून २०२१ साली ती १०.८ फोनॉनपर्यंत थंड केल्याचं प्रसिद्ध झालं. तिकडे जायचा विचार असेल तर पडद्यांवरचा अनुभव उपयोगी पडतो.

मायक्रोवेव्ह आणि ढोल

इथे लेझरची जागा अतिसंवाहक परिपथ घेतो. ॲल्युमिनियमचं पातळ पटल खालच्या धातूच्या पट्टीवर काही दशक नॅनोमीटरच्या फटीत तरंगत असतं आणि दोघं मिळून एक धारित्र बनतं. पटल थरथरलं की धारिता बदलते आणि परिपथाची वारंवारता सरकते. म्हणजे तेच समीकरण.

शोषलेला मायक्रोवेव्ह फोटॉन फारसं काही बिघडवत नाही, त्यामुळे ढोल सतत थंड ठेवता येतो, सतत मोजता येतो. याचं फळ एंटँगलमेंटमध्ये दिसतं. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठाने २०१८ साली दोन ढोलांचं एंटँगलमेंट नुसतं घडवलं नाही, तर टिकवून धरलं. २०२१ मध्ये निस्ट आणि आल्टो या दोन्ही गटांचे पुढचे निकाल एकाच वेळी प्रसिद्ध झाले. लोझानमध्ये २०२३ पर्यंत क्वांटम अवस्था टिकण्याचा काळ मिलिसेकंदांवर गेला होता. यांत्रिक दोलकासाठी हा काळ भरपूर आहे.

किंमत मोजायची ती डायल्यूशन फ्रिजमध्ये, म्हणजे मिलिकेल्विनपर्यंत थंड करणाऱ्या यंत्रात. नमुना बसवायचा, झाकणं लावायची, थंड व्हायला एक-दोन दिवस द्यायचे आणि मग कळतं की थंड होताना पटल खालच्या पट्टीला चिकटलं. पुन्हा गरम करायचं, पुन्हा क्लीनरूम, म्हणजे नमुने बनवायची धूळविरहित खोली. महिन्यातून मोजकेच प्रयत्न मिळतात, म्हणून फ्रिजमध्ये जाण्याआधीची तपासणी हीच खरी कला ठरते. चिकाटी असलेल्या आणि वहीत नीट नोंदी ठेवणाऱ्या माणसाला ही वाट मानवते. दर दोन तासांनी काहीतरी फिरवून पाहावंसं वाटणाऱ्याला ती छळते. ५ गिगाहर्ट्झचा फोटॉन म्हणजे जेमतेम पाव केल्विनची ऊर्जा, त्यामुळे हा संदेश फ्रिजबाहेर आणला की खोलीच्या उष्णतेत बुडून जातो. हे लक्षात ठेवा. दोलकाला दुसऱ्या प्रकारची प्रणाली जोडणाऱ्या हायब्रिड प्रणालींचं (त्या पुढे येतात) अर्धं प्रयोजन याच अडचणीतून आलं आहे.

कणाला कशाचाच आधार नको असेल तर

तरंगत्या कणांच्या प्रयोगात स्प्रिंग नाही, चौकट नाही, चिप नाही. लेझरच्या केंद्रात साधारण १०० ते १५० नॅनोमीटर व्यासाचा काचेचा गोळा निर्वातात अडकवलेला असतो. मूळ कल्पना आर्थर ॲश्किन यांची. त्यांनी १९७१ साली प्रकाशाने काचेचे गोळे उचलून धरले आणि ऑप्टिकल ट्वीझर्ससाठी २०१८ चं नोबेल त्यांना मिळालं.

२०२० साली व्हिएन्नामध्ये १४३ नॅनोमीटरचा असा कण ०.४३ फोनॉनपर्यंत थंड झाला. कणाच्या हालचालीचं तापमान सुमारे १२ मायक्रोकेल्विन, भोवतालची सगळी उपकरणं मात्र खोलीच्या तापमानाला. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना आणि झ्युरिक इथे पोकळीशिवाय, फक्त मोजमाप आणि फीडबॅक वापरून तिथवर पोचता आलं. इथली उष्णता दोन वाटांनी येते. एक, उरलेल्या वायूचे रेणू. दुसरी, कणावरून विखुरणारे फोटॉन, कारण प्रत्येक फोटॉन जाताना कणाला एक धक्का देऊन जातो. निर्वात वाढवला तर पहिली थांबते. दुसरी थांबवायची तर लेझरच बंद करावा लागेल, आणि लेझर बंद केला की कण पडतो.

पण कण पडू देता येणं हीच या वाटेची खरी श्रीमंती आहे. बाकी कुठल्याही दोलकाची स्प्रिंग क्षणात काढून घेता येत नाही. इथे सापळा सैल करायचा, कणाची अवस्था पसरू द्यायची, पुन्हा पकडायचं, हे सगळं लेझरच्या शक्तीवर चालतं. असा कण एकाच वेळी दोन ठिकाणी असण्याच्या अवस्थेत नेता आला, तर वस्तुमान वाढल्यावर क्वांटम सिद्धांत कुठे मोडतो का, हे तपासता येईल. गुरुत्वाकर्षणामुळे दोन वस्तूंमध्ये एंटँगलमेंट होतं का, हे पाहण्याचा २०१७ सालचा प्रस्तावही अशाच पडणाऱ्या वस्तूंच्या कल्पनेवर उभा आहे. आजचे कण त्यासाठी फार हलके आणि त्यांच्या अवस्थेचा पसारा फार लहान. व्हिएन्नाच्या कणाची शून्यबिंदू हालचाल, म्हणजे एकही फोनॉन नसताना उरणारी क्वांटम थरथर, जेमतेम तीन पिकोमीटर आहे. ढोलाच्या काही फेमटोमीटरपेक्षा ती खूप मोठी असली, तरी कणाच्या स्वतःच्या आकारापुढे नगण्यच.

तेव्हा अपेक्षा बेताची ठेवा. गुरुत्वाकर्षणाचा प्रयोग तुमच्या प्रबंधात होणार नाही. प्रबंधात असेल ते सापळ्याचं ऑप्टिक्स, फीडबॅकची इलेक्ट्रॉनिक्स, कणावरचा विद्युत प्रभार मोजणं आणि निर्वात वाढवताना कण निसटू न देणं. कण आत सोडायला अनेक ठिकाणी दम्याच्या रुग्णांसाठीचा नेब्युलायझर वापरतात आणि मग कुठलातरी एक थेंब सापळ्यात अडकायची वाट पाहत बसतात. क्लीनरूम जवळजवळ लागत नाही, प्रयोग लवकर उभा राहतो, आणि दोन-तीन जणांच्या गटातही एका विद्यार्थ्याला संपूर्ण यंत्र आतून कळतं. मला ही या वाटेची सर्वात मोठी जमेची बाजू वाटते.

हायब्रिड: दोलकाला जोडीदार दिल्यावर

वरच्या तिन्ही वाटांमध्ये एक मर्यादा समान आहे. एकट्या फोटॉनचा दोलकावरचा परिणाम इतका दुबळा असतो की तो वाढवायला जोरदार प्रकाश टाकावा लागतो, आणि जोरदार प्रकाशाने परस्परक्रिया रेषीय होऊन जाते, म्हणजे परिणाम कारणाच्या प्रमाणातच राहतो. रेषीय साधनांनी दोलक थंड करता येतो, त्याचा नॉइज एका दिशेने दाबता येतो, दोन दोलकांचं एंटँगलमेंट करता येतं. पण नेमका एक फोनॉन टाकणं किंवा श्रोडिंगरच्या मांजरासारखी, एकाच वेळी दोन वेगळ्या स्थितींत असण्याची अवस्था बनवणं त्यांनी होत नाही. त्यासाठी एकेक फोटॉन मोजणारं उपकरण हवं, नाहीतर मुळातच अरेषीय असलेला जोडीदार हवा. तो जोडीदार म्हणजे क्युबिट.

सँटा बार्बराच्या २०१० सालच्या प्रयोगाने हे सर्वात आधी दाखवलं. ६ गिगाहर्ट्झच्या दोलकाला लेझरने थंड करण्याची गरजच नव्हती, फ्रिजच पुरेसा होता. अतिसंवाहक क्युबिटने त्यात एक फोनॉन घातला आणि परत घेतला. पण तो फोनॉन टिकायचा फक्त सहाएक नॅनोसेकंद. २०१७ पासून येलमध्ये आणि नंतर झ्युरिकमध्ये दोलक म्हणून अख्ख्या स्फटिकाच्या जाडीतलं ध्वनिकंपन वापरलं गेलं आणि आयुष्य कितीतरी पटींनी वाढलं. झ्युरिकच्या २०२३ च्या प्रयोगात सुमारे १६ मायक्रोग्रॅम वस्तुमानाच्या, म्हणजे हजारो कोटी कोटी अणूंच्या कंपनात मांजर-अवस्था घडवली गेली. फक्त त्या दोन अवस्थांमधलं अंतर अणुकेंद्रकाच्या व्यासाहूनही कमी होतं. वस्तुमानाचा आकडा ऐकून भारावून जाण्याआधी अंतराचाही आकडा विचारायची सवय लावून घ्या. २०२४ मध्ये याच संस्थेच्या गटाने दोलकालाच क्युबिटसारखं वागवून दाखवलं.

इथे तुम्ही यांत्रिकीपेक्षा जास्त काळ क्युबिटचं काम कराल. स्पंदांची जुळणी, पॅरामेट्रिक ॲम्प्लिफायर (अशक्त संदेश वाढवणारं उपकरण), सॉफ्टवेअर यांत दिवस जातात. पीएचडीनंतर क्वांटम संगणकाच्या उद्योगात जायचं असेल, तर चारही वाटांत हे कौशल्य सर्वात थेट विकलं जातं.

हायब्रिडचा दुसरा प्रकार ट्रान्सड्यूसरचा. फ्रिजमधला मायक्रोवेव्ह संदेश दोलकामार्फत प्रकाशात बदलायचा आणि फायबरमधून बाहेर पाठवायचा. बोल्डरच्या जायला संस्थेत २०१४ मध्ये पडदा वापरून सुमारे १० टक्के आणि २०१८ मध्ये ४७ टक्के रूपांतर साधलं, पण त्याबरोबर सुमारे ३८ फोटॉनचा नॉइज आला. कॅलटेकने २०२० साली खऱ्या क्युबिटपासून प्रकाशाच्या फोटॉनपर्यंतचा पूर्ण प्रवास दाखवला, त्यात कार्यक्षमता लाखात एकाच्या आसपास होती. या क्षेत्रातला कुठलाही दावा वाचताना तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात: कार्यक्षमता, वाढलेला नॉइज आणि सेकंदाला किती वेळा प्रयत्न करता येतो. एक आकडा चांगला आणि बाकी दोन गायब असतील, तर ते दोन मुद्दाम शोधा. लेझरची उष्णता आणि अतिसंवाहकाची नाजूकता अशी दोन्ही वाटांची दुखणी इथे एकाच चिपवर येतात. पैसा इथे आहे, घाईही आहे. पण एका विद्यार्थ्याचं स्वतःचं असं काम यातून वेगळं काढणं कधीकधी अवघड होतं.

तिसरा प्रकार अणूंच्या किंवा हिऱ्यातल्या दोषांच्या स्पिनशी, म्हणजे त्यांच्या इवल्या चुंबकासारख्या क्वांटम गुणाशी, दोलक जोडण्याचा. बाझलमध्ये २०२० साली एक मीटर अंतरावरचे अणू आणि पडदा लेझरने घट्ट जोडले गेले. कोपेनहेगनमध्ये २०२१ ला पडदा आणि अणुस्पिनांचं एंटँगलमेंट झालं. मोजमापामुळेच दोलकाला बसणारा धक्का चुकवण्याची कल्पना इथे सुंदर जमते. हिऱ्यातल्या एकेका स्पिनचं जोडणं मात्र जागेनुसार बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राच्या जोरावर चालतं आणि ते अजून दुबळं आहे.

मग कुठे जायचं?

नॅनो-निर्मिती मनापासून आवडत असेल तर चिप आणि नॅनोपट्ट्या घ्या. हात टेबलावरच्या ऑप्टिक्समध्ये रमत असतील तर पडदे किंवा तरंगते कण. या दोघांत पडदे जास्त पक्व आहेत आणि प्रबंध वेळेत पूर्ण व्हायची शक्यता तिथे जास्त. कण जास्त मोकळे, पण मोठा निकाल तुमच्या काळात येईल की नाही हे नशिबावर. एंटँगलमेंट आणि अवस्था टिकवणं यात रस असेल तर ढोल. उद्योगाचा रस्ता उघडा ठेवायचा असेल तर क्युबिट आणि ध्वनिकंपन. ट्रान्सड्यूसर घ्यायचा तर गट मोठा आणि कामाची वाटणी स्पष्ट आहे ना, हे पाहूनच घ्या. सिद्धांताकडे कल असेल तर हे वर्गीकरण तितकंसं लागू नाही, तरी शेजारी एखादा प्रयोग चालू असलेला गट निवडा. नॉइजचे आकडे कागदावर नुसते गृहीत धरले, की सिद्धांत पटकन हवेत जातो.

गटाशी बोलताना निकालांबद्दल कमी विचारा आणि कामाच्या दिवसाबद्दल जास्त. नमुने गटातच बनतात की बाहेरून येतात? बाहेरून येत असतील तर एक फेरी पूर्ण व्हायला किती महिने लागतात? फ्रिज किती जणांत वाटलेला आहे आणि गेल्या वर्षी तो बंद किती काळ होता? कण सापळ्यात किती दिवस राहतो? मोजमापाचं सॉफ्टवेअर कोणी लिहिलं, आणि तो माणूस अजून गटात आहे का? गटातले शेवटचे दोन प्रबंध मिळवा आणि त्यातली प्रयोगाच्या मांडणीची प्रकरणं वाचा. तिथे ज्या अडचणीवर सर्वात जास्त पानं खर्ची पडली आहेत, तीच तुमच्याही वाट्याला येणार आहे. ती पानं वाचताना कंटाळा आला, तर दुसऱ्या गटाला पत्र लिहा.